शाळकरी विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंगच्या कामाचा एक दिवस द्यायचा असेल तर

चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा किंवा मुलगी कार्यानुभवासाठी एक दिवस तुमच्या टीमबरोबर घालवणार असेल, तर यजमानाने उद्दिष्ट एकच ठेवावे असे मला वाटते. संध्याकाळी निघताना विद्यार्थ्याजवळ स्वतःच्या हाताने लिहिलेला, चालणारा एक छोटा प्रोग्रॅम असावा आणि तो लिहिताना आपण कुठे अडलो व त्यातून कसे सुटलो, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता यावे. कंपनीची ओळख, तंत्रज्ञानाचा इतिहास, करिअरचे मार्गदर्शन हे सारे उपयोगी असले तरी ते नंतर कुठेही मिळू शकते. काम करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून अडण्याचा आणि सुटण्याचा अनुभव मात्र शाळेत सहसा मिळत नाही.

हे मला पहिल्याच वेळी कळले नव्हते. माझ्याकडे पहिली विद्यार्थिनी आली, तेव्हा मी दोन तास स्लाइड दाखवल्या आणि ती नम्रपणे मान डोलावत राहिली. जेवणाच्या वेळी मी तिला विचारले, ‘‘आतापर्यंत सगळ्यात काय आवडलं?’’ ती थोडी थांबून म्हणाली, ‘‘ताई, सकाळी त्या दादांच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली होती आणि ते म्हणाले, ‘हे असं कसं झालं?’ त्याचं पुढे काय झालं?’’ प्रोग्रॅम अडल्यावर संगणक देतो तो चुकीचा संदेश म्हणजे ती लाल अक्षरे; दोन तासांच्या स्लाइडांपेक्षा दहा सेकंदांची तीच तिच्या लक्षात राहिली होती. तेव्हापासून मी दिवसाची आखणी त्या प्रश्नाभोवती करते.

आधीच्या दोन आठवड्यांत

परवानग्यांचा भाग कंटाळवाणा असला तरी तो आधी उरकावा. शाळेचे पत्र, पालकांची लेखी संमती, आपत्कालीन संपर्काचा क्रमांक, आरोग्याबाबत काही सांगण्यासारखे असल्यास ती माहिती आणि येण्याजाण्याची व्यवस्था एवढे हाती आल्याशिवाय तारीख पक्की करू नये. अल्पवयीन व्यक्ती कामाच्या ठिकाणी येण्याविषयी तुमच्याकडील कायदा, विमा आणि कंपनीचे नियम काय सांगतात, हे मनुष्यबळ विभागाला विचारून घ्यावे. त्या दिवसासाठी एक नव्हे तर दोन जबाबदार सहकारी ठरवावेत, कारण ऐन वेळी एकाला तातडीच्या कामासाठी उठावे लागले तर विद्यार्थी पोरका होतो. बसण्याची जागा सर्वांच्या नजरेसमोरची असावी. बंद खोलीत एका मोठ्या माणसाने एकट्या विद्यार्थ्याबरोबर बसण्याची वेळच येऊ देऊ नये. पालकांची परवानगी नसेल तर फोटोही काढू नयेत.

गोपनीयतेची बाब याहून नाजूक आहे. पंधरा वर्षांच्या मुलाकडून चार पानी करारावर सही घेण्याने फारसे काही साधत नाही; गुपित त्याच्या समोर येणारच नाही अशी व्यवस्था करणे हा खरा उपाय आहे. खऱ्या ग्राहकांची नावे, फोन क्रमांक किंवा व्यवहार उघडे असणारी स्क्रीन त्याच्या शेजारी नसावी, त्याच्या हातातील संगणकावरून चालू सर्व्हरपर्यंत पोहोचता येऊ नये आणि हे का पाळतो, ते त्याला मोकळेपणाने सांगावे. लोकांच्या माहितीची राखण करणे हासुद्धा प्रोग्रॅमरच्या कामाचा भाग आहे, हे यातून त्याला आपोआप समजते.

विद्यार्थ्याला एक छोटा ईमेल शाळेमार्फत पाठवावा. त्यात तीनच प्रश्न असावेत: आजवर संगणकावर काय करून पाहिले आहे, त्यातले काय आवडले आणि कोणत्या गोष्टीत अडायला झाले. ‘काहीच केलेले नाही’ हे उत्तरही चालेल, असे त्यात स्पष्ट लिहावे, नाहीतर मुले जे येत नाही तेही येते म्हणून लिहितात. ज्याने एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झालेल्या स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडून खेळ केले आहेत, त्याला अट आणि पुनरावृत्ती या कल्पना ठाऊक असतात. त्याला फक्त त्या टाइप करून लिहायला शिकायचे असते. अशा विद्यार्थ्यासाठी आणि अगदी नवख्यासाठीही मी पायथन निवडते. १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली गिडो व्हॅन रोझम यांची ही भाषा आजही रोजच्या कामात वापरली जाते, त्यामुळे विद्यार्थ्याला आपण ‘लहान मुलांची’ भाषा शिकलो असे वाटत नाही, आणि एका ओळीचा प्रोग्रॅमसुद्धा तिच्यात पूर्ण असतो.

आता संगणकाविषयी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दिवस बिघडतो तो बहुधा इथेच. विद्यार्थ्यासाठी वेगळे खाते काढावे, त्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत आणि सगळी तपासणी त्याच खात्यात शिरून करावी. मी एकदा विंडोजवर पायथन माझ्या खात्यातून बसवले, माझ्या खात्यातून चालवून पाहिले आणि निश्चिंत झाले. विंडोजवरील त्याचा इन्स्टॉलर आपण मुद्दाम वेगळे न सांगितल्यास फक्त त्याच वापरकर्त्यापुरते पायथन बसवतो, हे दुसऱ्या दिवशी विद्यार्थी शेजारी बसलेला असताना लक्षात आले आणि त्याची सकाळची चाळीस मिनिटे मदतकक्षाची वाट पाहण्यात गेली. म्हणून आदल्या दिवशी त्याच्या खात्यात शिरून एक ओळीचा प्रोग्रॅम लिहावा, सेव्ह करावा, चालवावा, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तो पुन्हा चालवावा. अक्षरांचा आकार दोन माणसांना एकदम वाचता येईल इतका मोठा करून ठेवावा. एडिटर, म्हणजे ज्यात प्रोग्रॅम लिहायचा ती खिडकी, साधा असावा. पायथनबरोबर येणारा आयडल पहिल्या दिवसाला पुरेसा आहे. व्यावसायिक एडिटर प्रत्येक अक्षरामागे सूचना पुढे करतो आणि त्या गर्दीत नवख्याला स्वतःचा विचार ऐकू येत नाही.

काम कोणते द्यावे

आमच्या चालू प्रकल्पातलेच एखादे छोटे काम द्यावे, असा मोह होतो. तो टाळावा. आमच्या प्रकल्पातली ‘छोटी’ दुरुस्ती करण्यासाठीसुद्धा आधी हजारो ओळींची ओळख लागते आणि ती ओळख होईपर्यंत दुपार उलटते. काम असे हवे की पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी चालावे, पुढे त्यात हवी तेवढी भर घालता यावी आणि कुठेही थांबले तरी हातात चालणारी वस्तू असावी.

मी बहुतेक वेळा ‘संख्या ओळखा’ हा जुना खेळ देते. संगणक १ ते १०० यांमधली एक संख्या मनात धरतो आणि आपण ती ओळखायची, एवढेच. काम सुरू करण्याआधी विद्यार्थ्याबरोबर तोच खेळ तोंडी खेळावा आणि संगणकाच्या भूमिकेत विद्यार्थ्याला बसवावे: तो संख्या धरतो, मी अंदाज सांगते, तो ‘मोठी’ किंवा ‘लहान’ म्हणतो. नंतर त्याला विचारावे, ‘‘तू आत्ता नेमकं काय काय केलंस?’’ तो जी वाक्ये सांगेल ती कागदावर एकाखाली एक लिहून घ्यावीत. हाच त्याच्या प्रोग्रॅमचा पहिला आराखडा असतो आणि तो त्याच्या भाषेत असतो.

पहिल्या आवृत्तीत फक्त एकच अंदाज घ्यावा आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच छापावे. तपासणे सोपे जावे म्हणून संगणकाने धरलेली संख्या आधीच स्क्रीनवर छापायला सांगावे. आता जे घडते ते मी अनेकदा पाहिले आहे. स्क्रीनवर ३७ दिसते, विद्यार्थी ३७ टाइप करतो आणि प्रोग्रॅम उत्तर देतो: चूक. लाल अक्षरे नाहीत, तक्रार नाही, नुसते चुकीचे उत्तर. विद्यार्थी एकदा स्क्रीनकडे आणि एकदा तुमच्याकडे पाहतो.

या क्षणी यजमानाने काहीही बोलू नये. पायथनमध्ये कीबोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट मजकूर असते, संख्या नसते, आणि ‘३७’ हा मजकूर व ३७ ही संख्या दिसायला सारखे असले तरी पायथनच्या लेखी कधीही समान नसतात, हे आपल्याला माहीत असते आणि ते सांगून टाकायला जीभ शिवशिवते. तरी एक मिनिट जाऊ द्यावे. घड्याळात पाहिल्यास ते फार मोठे वाटते. मग उत्तर न देता प्रश्न द्यावा: ‘‘दोन्ही सदतीस दिसताहेत खरे, पण संगणकाच्या हातात दोन्ही ठिकाणी एकच वस्तू आहे का? त्यालाच विचारून पाहू या?’’ आणि वस्तूचा प्रकार सांगणारे ‘टाइप’ हे फंक्शन दाखवावे. एका ठिकाणी ‘इंट’ (पूर्णांक) आणि दुसऱ्या ठिकाणी ‘स्ट्र’ (मजकूर) उमटते, आणि त्या वेळी विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठीच हा सारा खटाटोप करायचा असतो. दिसते ते आणि असते ते यांत फरक असू शकतो आणि तो अंदाजाने नव्हे, विचारून तपासायचा असतो, ही माझ्या रोजच्या कामातली सर्वात उपयोगी सवय आहे. ती त्याला एका छोट्या खेळात, पहिल्या तासात मिळते.

यापुढची प्रत्येक भर एका लहान पावलाची ठेवावी आणि प्रत्येक पावलानंतर प्रोग्रॅम चालवून पाहावा: ‘मोठी’ व ‘लहान’ हे इशारे, बरोबर उत्तर येईपर्यंतची पुनरावृत्ती, अंदाजांची मोजणी. मोजणी आली की खेळात चुरस येते आणि चुरशीतून गणित पुढे येते. सर्वात कमी अंदाजांत संख्या कशी गाठावी, हे विद्यार्थ्याला स्वतः शोधू द्यावे. दर वेळी उरलेल्यांच्या मधली संख्या विचारली तर १०० संख्यांसाठी जास्तीत जास्त ७ अंदाज लागतात, कारण २ चा सातवा घात १२८ आहे. त्याला विचारावे, ‘‘हजारापर्यंत संख्या असली तर किती लागतील?’’ बहुतेक मुले सत्तर म्हणतात; उत्तर १० आहे. दहा लाखांसाठी २० पुरतात. हे ऐकून एका विद्यार्थ्याने आपणहून प्रोग्रॅममधली मर्यादा दहा लाख केली आणि वीस वेळा खेळून ते पडताळले. मी त्याला थांबवले नाही, जरी त्यात अर्धा तास गेला.

ज्याचे हे सर्व लवकर होईल, त्याच्यासाठी भूमिका उलट करण्याचे काम राखून ठेवावे: आता संख्या माणसाने धरायची आणि ओळखायची संगणकाने. किंवा भाषेकडे वळावे. ‘नमस्ते’ या शब्दाची लांबी पायथनला विचारली तर तो ६ सांगतो, कारण न, म, स, पायमोडीची खूण, त आणि मात्रा अशी सहा चिन्हे तो मोजतो. आपण मात्र ‘न’, ‘म’ आणि ‘स्ते’ अशी तीनच अक्षरे मोजतो. हाच शब्द उलटा छापला तर मात्रा आधारावाचून सर्वांत पुढे येऊन बसते. आपली लिपी संगणकात कशी साठवली जाते, हा मोठा विषय आहे, आणि त्याचे दार एवढ्या छोट्या प्रयोगातून उघडते.

एक बारीक सूचना, जी न पाळल्याने मी चांगलीच गोंधळले होते: फाइलला ‘रँडम’ हे नाव देऊ नये. यादृच्छिक संख्या देणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलचे (तयार कोडच्या फाइलचे) नाव तेच आहे, आणि शेजारी त्याच नावाची फाइल असली की पायथन स्वतःचे मॉड्यूल सोडून तीच उचलतो. मग येणारा संदेश नवख्याला उलगडणे अवघड जाते. विद्यार्थ्याचे नाव आणि ‘खेळ’ असे काही फाइलला द्यावे. त्यात आपलेपणाही राहतो.

शेजारी कसे बसावे

स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस विद्यार्थ्यासमोर असावेत आणि यजमानाची खुर्ची किंचित मागे, बाजूला असावी. आपण कीबोर्डला हात लावायचा नाही, हा नियम स्वतःला घालून घ्यावा आणि विद्यार्थ्यालाही सांगावा, म्हणजे आपण विसरलो तर तो आठवण करून देईल. त्याला कंस सापडत नसेल तर कुठे आहे ते बोटाने दाखवावे, पण दाबायचा त्यानेच. आपण दोन सेकंदांत टाइप केलेली ओळ त्याच्या लेखी आपली राहते. त्याने दोन मिनिटे घेऊन टाइप केलेली ओळ त्याची असते.

लाल अक्षरे आली की मुले पहिल्यांदा ती घालवायला धावतात. तिथे थांबवून ती मोठ्याने वाचायला सांगावीत. पायथनचा संदेश वाचताना शेवटच्या ओळीपासून सुरुवात करावी, कारण काय बिघडले ते तिथे असते, आणि मग वर जात ओळीचा क्रमांक पाहावा. ज्याला इंग्रजी अवघड जाते, त्याच्याबरोबर संदेशाचा अर्थ मराठीत लावावा आणि ‘हा संदेश म्हणजे रागावणे नव्हे, पत्ता आहे’ असे त्याला सांगावे. त्याच्या समोर आपलेही काही चुकले तर ते लपवू नये. आपण कसे शोधतो ते मोठ्याने बोलत राहावे. ‘सोपं आहे’ हे शब्द मात्र दिवसभर टाळावेत, कारण अडलेल्या मुलाला ते ‘तुला सोपेही जमत नाही’ असे ऐकू येतात.

प्रोग्रॅम लिहायला मदत करणाऱ्या एआयचा प्रश्न आता हटकून निघतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सकाळी ही साधने बंद ठेवावीत आणि का ते सांगावे: स्वतः काही लिहिल्याशिवाय दुसऱ्याचे लिहिलेले तपासता येत नाही. दुपारी, त्याचा खेळ चालू लागल्यावर, कंपनीच्या नियमांत बसत असेल तर यजमानाने आपल्या खात्यातून तेच काम एआयला सांगावे आणि आलेला कोड विद्यार्थ्याला परीक्षक म्हणून द्यावा. कोणती ओळ समजली, कोणती नाही, अंकांऐवजी अक्षरे दिली तर काय होईल, हे त्याने तपासावे. ‘हे सगळं तेच लिहितं, मग मी का शिकू?’ असे त्याने विचारले, तर मी एवढेच सांगते की लिहिलेले बरोबर आहे की नाही याची जबाबदारी माझ्याकडे असते आणि ती घेण्यासाठी मला ते समजावे लागते. त्याच्या नावाने कुठल्याही सेवेवर खाते उघडू नये. अशा अनेक सेवांना किमान वयाची अट असते आणि तो निर्णय पालकांचा आहे.

उरलेल्या वेळात

सकाळच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीला विद्यार्थ्याला जरूर बसवावे, पण आधी दोन मिनिटे काढून कोण काय करते ते सांगावे आणि सहकाऱ्यांना संक्षेप टाळायला सांगावे. दुपारी अर्धा तास तुमची एक खरी, पण गोपनीय नसलेली दुरुस्ती त्याच्यासमोर आरंभापासून शेवटपर्यंत करावी: तक्रार वाचणे, तोच बिघाड आपल्या संगणकावर पुन्हा घडवून आणणे, कारण शोधणे, बदल करणे, चाचणी चालवणे, सहकाऱ्याने तो बदल वाचून शंका काढणे. बदल चार अक्षरांचा आणि त्याआधीचे वाचन अर्ध्या तासाचे, हे प्रमाण त्याला दिसू द्यावे.

टेस्टर, डिझायनर, ग्राहकांचे फोन घेणारी व्यक्ती अशा दोन-तीन जणांशी त्याची दहा-दहा मिनिटे गाठ घालून द्यावी. ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला पदनाम मिळते. ‘कालचा दिवस कशात गेला?’ या प्रश्नाला काम मिळते. दुसरा प्रश्न त्याला आधीच लिहून द्यावा. बुजरा विद्यार्थी असेल तर पहिल्या भेटीत तुम्हीच तो विचारावा. जेवायला त्याला एकटे सोडू नये, पण त्या वेळी सगळ्यांनी मिळून त्याला भविष्याविषयीचे प्रश्नही विचारू नयेत; त्याला थोडी उसंत हवी असते.

शेवटच्या तासात खेळ टीमसमोर मांडायचा की नाही, हे त्याला ठरवू द्यावे. मांडायचा असल्यास पाच मिनिटे पुरतात, आणि सहकाऱ्यांना तो खरोखर खेळायला सांगावे. आमच्याकडे एकाने ‘पन्नास’ असे अक्षरी लिहिले आणि खेळ लाल अक्षरांत कोसळला. दुसरीने मराठी कीबोर्ड लावून ‘५०’ टाइप केले आणि तो सुरळीत चालला, कारण मजकुराची संख्या करताना पायथन देवनागरी अंकही स्वीकारतो. त्या मुलीने दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि निघायला वीस मिनिटे असताना अक्षरी उत्तरावर ‘कृपया अंक लिहा’ असा संदेश देणारी भर घातली. तिला ती कोणी सांगितली नव्हती.

निघण्याआधी प्रोग्रॅम घरी कसा न्यायचा ते पाहावे. पेनड्राइव्ह कंपनीत चालत नसेल तर पालकांच्या किंवा शाळेच्या ईमेलवर फाइल पाठवावी, आणि घरी संगणक नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये पायथन चालवणारी एखादी साइट आपण स्वतः आधी वापरून पाहून सुचवावी. सोबत कोडची एक छापील प्रत द्यावी; घरच्यांना दाखवण्यासाठी तिचा उपयोग होतो.

शाळेला पाठवायचा अभिप्राय त्याच संध्याकाळी लिहावा, कारण आठवड्याने फक्त ‘हुशार व नम्र’ एवढेच आठवते. ‘संख्या आणि मजकूर यांतला फरक तिने स्वतः तपासून शोधला आणि चुकीच्या उत्तरासाठी संदेश जोडला’ असे एक वाक्य शिक्षकांना आणि विद्यार्थिनीला कितीतरी अधिक सांगते. दोन दिवसांनी शाळेमार्फत फाइल घरी उघडली का, ते विचारावे आणि होकार आल्यावरच तिचे खाते संगणकावरून काढून टाकावे.